मघाचेच पाते



गेल्या वर्षी रमजानपूर्वी आमच्या मशिदीच्या आवारात हिजामाचे शिबिर भरले. आवाहन मीच केले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः हिजामा करवून घेतल्याचे हदीसवरून सिद्ध आहे, मला शंका कसली असणार? तेवढ्यात रांगेतील एका वृद्धांनी सहज विचारले, "मौलाना, हे पाते मघाचेच का?" मी पाहिले. ते मघाचेच होते. पाण्याने विसळलेले, एवढेच. शिबिर तत्काळ थांबविले, पण तोवर अकरा जणांच्या पाठीवर ते फिरले होते.

कपड्यावर रक्ताचा डाग पडला तर नमाजपूर्वी तो धुण्याविषयी आपण किती दक्ष असतो! धुतलेले पाते पाक ठरेलही, परंतु पाक होणे वेगळे आणि विषाणूमुक्त होणे वेगळे. हा भेद मदरशात मला कोणी शिकविला नव्हता, आणि मीही विचारला नव्हता.

माझी नियत चांगली होती, असे मी स्वतःला समजावू पाहिले. मग इजिप्त आठवला. तेथे १९५० ते १९८० च्या दशकांत नाईलकाठच्या शेतकऱ्यांना एका जंतविकारावर सरकारी मोहिमेतून इंजेक्शने दिली गेली. हेतू उपकाराचाच होता. सुया मात्र नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या गेल्या आणि हिपॅटायटिस सी असंख्य निरपराध देहांत शिरला. तो वर्षानुवर्षे मूक राहतो, यकृत पोखरतो. त्याच देशाने २०१८ पासून कोट्यवधी नागरिकांची तपासणी करून त्याला आवरले, हेही सांगितले पाहिजे.

त्या अकराही जणांना मी सरकारी रुग्णालयात नेले. लागण झाल्यावर रक्तात तिची खूण दिसण्यास काही आठवडे लागतात, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागली. एकाच्या रक्तात विषाणू पहिल्याच दिवशी सापडला. म्हणजे तो आधीपासून होता आणि त्यांना ठाऊक नव्हता. रांगेत त्यांच्यामागे चौघे होते. ते चौघे निर्दोष ठरेपर्यंतच्या महिन्यांत माझ्या सज्द्यांत दुसरी दुआ नव्हती. अल्लाहच्या कृपेने चौघेही सुखरूप आहेत.

या रोगावर लस नाही, पण गोळ्या आहेत. बहुतेकांस बारा आठवडे पुरतात. राष्ट्रीय कार्यक्रमातून त्या विनामूल्य मिळतात. आमच्या त्या बांधवाने त्या घेतल्या व ते बरे झाले. मात्र दरम्यान घरच्यांनी त्यांचे ताट वेगळे केले होते. एकत्र जेवण्याने, मुसाफह्याने, एका सफमध्ये उभे राहण्याने हा रोग पसरत नाही. तो रक्तातून पसरतो. मी त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्याच ताटात जेवलो. तिसऱ्या घासाला त्यांचा धाकटा मुलगाही येऊन बसला.

आता खतना असो, हिजामा असो वा न्हाव्याचा वस्तरा, आमच्या मोहल्ल्यात नवे पाते समोर उघडले जाते. सर्वांच्या गालांवर फिरणारा तुरटीचा खडा मात्र अद्याप दुकानात आहे. त्याविषयी बोलणी चालू आहेत.