लेकीचें पित्याशीं नातें कोठवर?

सुगी संपली म्हणजे एखादा म्हातारा बाप लेकीला भेटावयास तिच्या गांवीं जातो. ओट्यावर बसतो, हरभऱ्याचें गांठोडें तिच्या पुढें ठेवतो, खुशाली विचारतो. परंतु ती पाण्याचा तांब्या आणूं लागली कीं ‘नको’ म्हणतो. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचें अन्नपाणी घेऊं नये, अशी पुष्कळ घराण्यांत जुनी रीत होती. आतां रीत सुटत चालली, तरी तिच्या मागची समजूत सुटली आहे असें नाहीं. लेक म्हणजे परक्याचें धन. ती दिली कीं देणेंघेणें संपलें, ही ती समजूत. आमच्या मंडळ्यांतही निपुत्रिक वृद्ध पुतण्याच्या दारीं उपाशी बसेल, पण लेकीच्या दारीं जावयास लाजेल.

यावरून दोन प्रश्न उत्पन्न होतात. लग्न झालेल्या लेकीवर पित्याचें ऋण राहतें काय? आणि तिनें प्रभूचा स्वीकार केला व पित्यानें केला नाहीं, तर तें ऋण तुटतें काय?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर शास्त्रांत स्पष्ट आहे. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा सीनाय पर्वतावर झाली, ती केवळ पुत्रांना झाली नाहीं. आणि तीस वयाची किंवा लग्नाची मुदतही घातलेली नाहीं. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत पुरुष आईबापांना सोडून स्त्रीशीं जडून राहील असें आहे. पण त्यावरून पुत्र पित्याच्या सेवेंतून मोकळा झाला असें कोणी मानीत नाहीं. मग कन्याच मोकळी कशी होईल? आईबापांना द्यावयाचें तें देवाला अर्पिलें, असें सांगून त्यांना रिक्त हस्तें परत लावणाऱ्या लोकांचा आमच्या प्रभूनें कडक निषेध केला (मार्क ७). धर्माचें निमित्त जेथें चाललें नाहीं, तेथें लग्नाचें निमित्त चालेल काय?

देशाचा कायदाही याच ठिकाणीं आला आहे. लग्न झालेली मुलगी स्वतः मिळवती असेल तर निराधार पित्याच्या पोषणाची जबाबदारी तिच्यावरही आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं दिला. आणि वृद्ध आईबापांच्या पोषणाविषयीं २००७ सालीं जो कायदा झाला, त्यांत मुलगा व मुलगी असा भेद केलेला नाहीं. परंतु कायदा फार तर पैसा देववील. आजारी बापाच्या उशाशीं बसणें त्याच्या हातचें नाहीं.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. कारण आपल्या पित्यावर किंवा मातेवर माझ्यापेक्षां अधिक प्रीति करणारा मला योग्य नाहीं, अशा अर्थाचें वचन खुद्द प्रभूचेंच आहे (मत्तय १०). येथें पंडिता रमाबाईंचें उदाहरण उपयोगी पडेल. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. स्त्रीनें संस्कृत शिकूं नये असें लोकमत असतां त्यांनीं आपल्या पत्नीस तें शिकविलें आणि त्याबद्दल उडपी येथें पंडितांच्या सभेपुढें जाबही दिला. रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील थकलेले, म्हणून आईनें पहाटे उठवून लेकीला शिकविलें. पुढें तीर्थयात्रा करीत असतां दारिद्र्य व उपासमार यांनीं कुटुंब गांठलें, आणि १८७४ च्या सुमारास शास्त्रीबोवा वारले. त्यांची दृष्टि गेली होती. त्यांनीं आपल्या धाकट्या लेकीला उराशीं धरलें आणि मीं तुला देवाच्या हातीं दिलें आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचें सांगून निरोप घेतला. रमाबाईंनीं ही आठवण पुढें स्वतः लिहून ठेविली आहे.

१८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हां लेकीनें बापाचा धर्म टाकला, असें कोणीही म्हणेल. शास्त्रीबोवा जिवंत असते तर त्यांचें मन दुखावलें असतें, असेंच मानणें प्रामाणिकपणाचें होईल. तरीही त्या लेकीनें बापाचा अवमान केला असें आम्हांस म्हणवत नाहीं. सत्य कळल्यावर सभा विरुद्ध गेली तरी मागें फिरावयाचें नाहीं, हें तिनें बापाच्याच चरित्रांत पाहिलें होतें. आईबापांनीं दिलेली विद्या तिनें केडगांव येथें अनाथ स्त्रियांच्या आणि मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामीं वेंचली. बापानें देवाच्या हातीं दिली, ती देवाच्या हातींच राहिली. मात्र त्या हाताची ओळख तिला बापाहून निराळी झाली.

यावरून एक भेद ध्यानांत येतो. आज्ञाधारकपणा आणि मान या दोन वस्तु एक नव्हेत. बाळपणीं पित्याची प्रत्येक आज्ञा पाळावयाची. वयांत आल्यावर आज्ञा पारखून घ्यावी लागते, आणि ती देवाच्या आज्ञेच्या आड आली तर नम्रपणें नाकारावीही लागते. मानाला मात्र अशी पारख नाहीं व मुदतही नाहीं. तो कबरेपाशींही संपत नाहीं.

तथापि कित्येक जण विश्वासाचें नांव पुढें करून आईबापांस टाकतात, त्यांनीं सावध असावें. सद्विवेकामुळें पित्याचें मन दुखविणें भाग पडणें निराळें, आणि आळसानें त्याला विसरणें निराळें. जिला विश्वासाच्या बाबतींत बापाला दुःख द्यावें लागलें, तिनें इतर सर्व बाबतींत त्याची दुप्पट सेवा करावी. जी लेक देवळांत जाते पण बापाच्या दुखण्यांत फिरकत नाहीं, तिची साक्ष तो बाप कां ऐकेल?

हें ओझें एकट्या लेकीवर टाकणेंही न्यायाचें नाहीं. सासरीं तिचा हात नेहमीं मोकळा असतो असें नाहीं. म्हणून जांवयांनो, तिला बापाकडे जावयास परवानगी मागावयास लावूं नका, तुम्हीच तिला पाठवा. पित्यांनो, तुम्हीही आपलें अंतःकरण तपासा. सलाफहादाच्या कन्यांनीं वडिलांच्या वतनांत वांटा मागितला, तो देवानें रास्त ठरविला (गणना २७). मृत्युपत्र न करतां वारलेल्या ख्रिस्ती मनुष्याच्या मिळकतींत मुलाइतकाच मुलीचा वांटा १९२५ च्या कायद्यानें ठरला आहे. जो बाप लेकीला परकी म्हणून वांट्यांतून गाळतो, त्यानें म्हातारपणीं ती आपली व्हावी अशी आशा कोणत्या तोंडानें करावी?

उपदेशक बंधूंनो, घरोघर जातां तेव्हां हा विषय काढा. आणि ओट्यावर बसलेला तो वृद्ध दृष्टीस पडला, तर लेकीनें पुढें केलेला तांब्या घ्यावयास त्याला सांगा. तें पाणी परक्याच्या घरचें नव्हे.