हिवाळ्यात लिहिलेला उन्हाळा

स्वतःच्या मनात काळोख असताना दुसऱ्याला उजेडाच्या गोष्टी सांगणे हा खोटेपणा आहे का? वरवर पाहता हा प्रश्न पुस्तकी वाटतो, पण तो आपल्या सर्वांच्या घरातला आहे. आजारी मुलाच्या उशाशी बसून हसणारी आई, कर्जाचे ओझे डोक्यावर असताना घरी येताच लेकरांशी खेळणारा बाप, स्वतःचे दुःख ताजे असताना दुसऱ्याच्या घरी मयताला धीर द्यायला जाणारे आपण, सगळेच असे वागत असतो. हे ढोंग म्हणायचे की प्रेम? या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला एका कादंबरीकार बाईंचे जीवन मोलाचे वाटते.

ल्यूसी मॉड माँटगोमेरी हे त्यांचे नाव. कॅनडाच्या पूर्वेकडील प्रिन्स एडवर्ड आयलंड या बेटावर ३० नोव्हेंबर १८७४ रोजी त्यांचा जन्म झाला. १९०८ साली प्रसिद्ध झालेली त्यांची 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' ही कादंबरी जगभरच्या किशोरवयीन मुलामुलींनी वाचली. एका वयस्क भावाबहिणीला शेतीच्या मदतीसाठी अनाथाश्रमातून मुलगा हवा असतो आणि चुकून येते लाल केसांची, अखंड बडबड करणारी अ‍ॅन. ज्या घरात ती नको असते त्याच घराचा ती आनंद होते. आशावादी पुस्तकांची यादी करायची झाली तर हे नाव वगळता येणार नाही.

आता लेखिकेचे बालपण पाहू. मॉड पावणेदोन वर्षांची असताना तिची आई क्षयाने वारली. वडिलांनी तिला कॅव्हेंडिश गावी आजीआजोबांकडे ठेवले आणि पुढे ते हजारो मैल दूर पश्चिमेला जाऊन राहिले. आजीआजोबांनी तिला सांभाळले, पण घर कडक शिस्तीचे होते. लहान मुलीला हवी असते तशी माया तिथे हातचे राखून मिळे. मात्र त्या बेटावरचे उन्हाळे भरभरून मिळाले. लाल दगडांचे समुद्रकडे, वाळूचा किनारा, मासेमारांच्या होड्या, सफरचंदाची झाडे, रानातल्या पायवाटा, आणि पार्क कॉर्नरला मावशीच्या घरी मावसभावंडांबरोबरची दंगामस्ती. ही शिदोरी त्यांना जन्मभर पुरली. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या याच बेटावर घडतात.

पुढे त्या शाळेत शिकवू लागल्या. त्या काळातली एक हकिकत त्यांनी आपल्या आठवणींत सांगितली आहे. एका हिवाळ्यात पाच महिने त्या रोज पहाटे सहाला उठून दिव्याच्या उजेडात लिहायला बसत. घरात अजून शेकोटी पेटलेली नसे. अंगात जाड कोट घालायचा, पाय गारठू नयेत म्हणून ते अंगाखाली घेऊन बसायचे, आणि आखडलेल्या बोटांनी ठरलेले काम पुरे करायचे. त्यातून कधी निळ्या आकाशाची आणि फुललेल्या कुरणांची कविता उतरे. मग हात शेकून, न्याहारी करून त्या शाळेत जात.

बाहेर बर्फ असताना कागदावर उन्हाळा उतरवणारी ही तरुण मुलगी खोटे लिहीत होती का? आम्हाला तसे वाटत नाही. तो उन्हाळा तिने पाहिला होता. त्या पहाटेची थंडी जितकी खरी, तितकाच तो उन्हाळाही खरा. आज ऊन दिसत नाही म्हणून ऊन नाहीच असे म्हणणे, हीदेखील एक प्रकारची असत्य साक्षच आहे. दुःखाच्या दिवसांत माणूस नेमके हेच विसरतो. अशा वेळी कोणीतरी आठवण करून द्यावी लागते, आणि आठवण देणाऱ्याचे स्वतःचे हात गारठलेले असले तरी ती आठवण खोटी ठरत नाही.

शिवाय, दुःख ठाऊक नसलेल्याच्या आशेला आपण भोळेपणा म्हणतो. मॉडबाईंची अ‍ॅन तशी भोळी नाही. कादंबरीच्या शेवटी बँक बुडते, त्या धक्क्याने अ‍ॅनला जीव लावणारा मॅथ्यू मरण पावतो, आणि मरिलाला एकटे सोडायचे नाही म्हणून अ‍ॅन मिळालेली शिष्यवृत्ती सोडून घरी राहते. तरी ती उमेद सोडत नाही. श्रद्धा, आशा व प्रीती यांना आपण दैवी सद्गुण मानतो. त्यातली आशा म्हणजे मनाची लहर नव्हे. मन उल्हसित असताना आशा धरायला सद्गुण लागत नाही. मन खचलेले असताना धरलेल्या आशेचीच खरी परीक्षा असते.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय विचार पुरा होत नाही. १९११ साली मॉडबाईंचे लग्न प्रेस्बिटेरियन पंथाचे पाळक ईवन मॅक्डॉनल्ड यांच्याशी झाले आणि त्या ऑन्टारिओ प्रांतातील लीस्कडेल या खेड्यात राहायला गेल्या. तिथे सकाळचा ठरलेला वेळ लेखनाचा, आणि उरलेला दिवस स्वयंपाक, शिवणटिपण, मुले, संडे स्कूल, महिला मंडळ आणि घरोघरच्या भेटींचा. १९१४ साली त्यांचा दुसरा मुलगा मृतावस्थेत जन्मला. १९१९ च्या जानेवारीत फ्लूच्या साथीत मावसबहीण फ्रेडरिका गेली. जिच्यापाशी मन मोकळे करावे अशी ती सर्वांत जवळची मैत्रीण होती. त्याच वर्षी पतीला तीव्र विषादाचा आजार जडला. देवाने आपल्याला कायमचे नाकारले आहे, आपण नरकासाठीच नेमलेले आहोत, असे त्यांच्या मनाने घेतले. इतरांना तारणाचा संदेश देणाऱ्या माणसाला स्वतःच्या तारणाची खात्री वाटेना!

मानसिक आजार म्हणजे घराण्याला कलंक, असे मानण्याचा तो काळ होता. मॉडबाईंनी हे सारे मंडळीपासून लपवले. पाळकीणबाईंनी नेहमी हसतमुख असावे, अशीच सर्वांची अपेक्षा असे. त्यांनी ती पाळली आणि मनातले सारे रोजनिशीच्या वह्यांत लिहिले. १९८५ पासून त्या रोजनिश्या प्रसिद्ध होऊ लागल्या, तेव्हा वाचकांना कळले की इतका आनंद वाटणारी बाई किती एकाकी होती.

२४ एप्रिल १९४२ रोजी टोरांटो येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी स्वतःच जीवन संपवले असे आपल्या कुटुंबात मानले जाते, असे त्यांच्या नातीने २००८ साली जाहीरपणे लिहिले. अभ्यासकांचे याबाबत एकमत नाही. निवाडा करणे आपले काम नव्हे. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही म्हटले आहे की गंभीर मानसिक आजाराने माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आपण आशा सोडता कामा नये.

मग त्यांची आशा हरली का? हानाको मुराओका या जपानी अनुवादिकेला १९३९ साली एका कॅनेडियन मिशनरी बाईंनी अ‍ॅनचे पुस्तक दिले. जपान आणि कॅनडा युद्धात एकमेकांचे शत्रू असताना मुराओकाबाईंनी गुपचूप त्याचा अनुवाद केला. १९५२ साली तो छापला गेला आणि युद्धाने होरपळलेल्या त्या देशातल्या मुलींनी अ‍ॅनला आपली मैत्रीण मानले. मॉडबाईंना हे कळलेच नाही. त्यांनी पेरले, दुसऱ्यांनी कापणी केली.

प्रिय धर्मग्रामस्थांनो, आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला असे दिसते. स्वतः दुःखी असताना दुसऱ्याला आशा देणे हा खोटेपणा नाही, ते दान आहे. पण ते दान देणाऱ्यालाही एक तरी माणूस असे हवे, ज्याच्यासमोर हसतमुख राहण्याची सक्ती नाही. फ्रेडरिका गेल्यावर मॉडबाईंजवळ फक्त वही उरली, आणि वही ऐकून घेते, पण उलट विचारत नाही.

आपल्या चर्चमध्येही सर्वांच्या आधी येऊन बाके पुसणारे, गायनवृंदात मोठ्याने गाणारे, प्रत्येक दुःखात धावून जाणारे लोक आहेत. त्यांना आपण 'कसे आहात?' असे विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जातो. या रविवारी जरा थांबू या, आणि उत्तर मिळेपर्यंत उभे राहू या. आपल्यापैकी ज्यांचे मन आज जड आहे, त्यांनीही ते कोणापाशी तरी, धर्मगुरूंपाशी, डॉक्टरांपाशी किंवा जवळच्या मित्राशी बोलावे. मदत मागितल्याने श्रद्धा उणी ठरत नाही.