खहर आणि वडनेरची रात्र

गेल्या उन्हाळ्यात हिंगणघाट तालुक्यातील वडनेर येथे एका स्नेह्यांकडे आम्ही चार दिवस राहिलो होतो. रात्री गच्चीवर त्यांचा नातू एकं, दहं, शतं करीत परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत पोचला आणि थबकला. "आजोबा, यात आणखी एक मिळवला तर?" आजोबा माळ न थांबविता म्हणाले, "पुढे अनंत. अनंत म्हणजे परमेश्वर. नीज आता." मुलगा निजला, आम्हांस मात्र झोप येईना. तीस वर्षे वर्गात आम्हीही हेच केले होते. परमेश्वराच्या जागी आडवा आठ काढला होता, इतकेच.

या उत्तरामागे थोर परंपरा आहे. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीस 'खहर' म्हटले. तीत काही मिळविले वा वजा केले तरी ती बदलत नाही; प्रलयकाळी जीव आत शिरले वा सृष्टिकाळी बाहेर पडले तरी अच्युत जसा अविकारी राहतो, तशी. उपमा अप्रतिम आहे. परंतु 'लीलावती'त तेच आचार्य असेही सांगतात की, शून्याने गुणलेल्या राशीस पुन्हा शून्याने भागावयाचे असल्यास मूळ राशी कायम समजावी. आता तीन छेद शून्य आणि पाच छेद शून्य हे एकच अनंत मानले, तर त्यांस शून्याने गुणून तीन आणि पाच समान ठरतात. निराळे मानले, तर अनंतही अनेक असू शकतात काय, हा प्रश्न उभा राहतो. प्रश्न दाराशी आला होता. चाळीसगावजवळील पाटण येथे आचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापला. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. आम्हां वंशजांनी मात्र उपमा तेवढी जपली आणि गणित सोडले.

दार उघडले ते जर्मनीत कँटरने, १८७४ मध्ये. त्याची १८९१ ची युक्ती शाळामास्तरांच्या हजेरीपटासारखी आहे. शून्य आणि एक यांमधील सर्व दशांश अपूर्णांकांची यादी केली, असे कोणी म्हणाला, तर पहिल्याचा पहिला अंक बदलावा, दुसऱ्याचा दुसरा, तिसऱ्याचा तिसरा. (शून्य आणि नऊ हे अंक घालू नयेत, एवढे पथ्य.) जो नवा अपूर्णांक तयार होईल, तो पटावर कोठेच नसेल. मोजण्याच्या संख्या अनंत, आणि हे अपूर्णांक त्याहूनही अधिक अनंत! कँटर स्वतः मोठा श्रद्धाळू होता, हे आमच्या श्रद्धाळू मित्रांनी ध्यानात घ्यावे.

भौतिकशास्त्रज्ञ मात्र अनंताचे नाव निघताच सावध होतो. कृष्णविवराच्या मध्याशी समीकरण घनता अनंत सांगू लागले, की तो ते निसर्गाचे वर्णन मानीत नाही, समीकरणाची शरणागती मानतो. त्या रात्री डोक्यावर जो काळोख होता, तोही साधा नव्हे. १८२३ मध्ये ओल्बर्स नावाच्या जर्मन वैद्याने त्याची चिकित्सा केली. विश्व अनंत, अनादि आणि सर्वत्र ताऱ्यांनी भरलेले असते, तर प्रत्येक दिशेस दृष्टी अखेर एखाद्या ताऱ्यावर टेकली असती आणि वडनेरची रात्र सूर्यबिंबासारखी झळाळली असती. ती काळी आहे. कारण मुख्यतः हे की, विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे असून पलीकडचा प्रकाश अद्याप येथे पोचलेलाच नाही. विस्तार अनंत आहे की नाही, हे याने ठरत नाही. तथापि गच्चीवर पडल्यापडल्या अनंताची एवढी उलटतपासणी होऊ शकते, हे काय थोडे झाले?

सकाळी चहाच्या वेळी मुलाने परार्धाचा प्रश्न पुन्हा काढला. आजोबांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही कागद मागितला.