जेटी आणि मोती

इंग्लंडमधल्या रॅम्सबॉटम गावात जेटी नावाचा टेरियर कुत्रा होता. मालकीण कुठूनही घरी यायला निघाली, की तो खिडकीशी जाऊन बसतो, असं घरचे सांगायचे. रूपर्ट शेल्ड्रेक यांना त्यात टेलिपथी दिसली. १९९५ मध्ये रिचर्ड वाइझमन यांनी कॅमेरे लावून चार चाचण्या घेतल्या. जेटी सारखाच खिडकीशी जायचा. निघण्याच्या वेळेशी पहिल्या फेरीचा मेळ बसेना. शेल्ड्रेक म्हणाले, तो किती वेळ बसतो ते मोजा, परतीच्या वेळी जास्त बसतो. त्यावर वाइझमन यांचा मुद्दा साधा: उशीर होईल तसं वाट बघणं वाढणारच.

मला वाइझमनच पटतात. पण आमच्या घरी मोती होता. बाबांची स्कूटर गल्लीत वळायच्या आधीच तो दारात उभा असायचा.

बाबा गेल्यावरही तो रोज सातला दारात जायचा. आई म्हणायची, "त्याला कळतं. ते येऊन जातात."

कुत्र्याला सवय असते, वेळ कळते, हे मला तिला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. हे खोटं बोलणंच झालं का? कदाचित हो. सात वाजले की मीही मोबाईल बाजूला ठेवून दाराकडे बघायचो.