नियम तुझ्या बाजूनं, आणि तू झोपेत!

एटीएममधून तुझ्या खात्यातले चाळीस हजार गेले. बँकेचा मेसेज रात्रीच आला, तोही वाचलास. मग पंधरा दिवस काय केलंस? ‘बँक बघेल.’ ‘ऑफिसात ऑडिट होतं.’ ‘रांगेत कोण उभं राहणार?’ अरे, पैसे तुझे की शेजाऱ्याचे?

एम.कॉम. झालास. लोकांची विवरणपत्रं भरतोस, कलमं तोंडपाठ सांगतोस. स्वतःच्या खात्याचा नियम मात्र एकदाही वाचावासा वाटला नाही? रिझर्व्ह बँकेनं 6 जुलै 2017 लाच परिपत्रक काढलंय. चूक बँकेची असेल, तर ग्राहकावर एका पैशाचाही भार नाही. चूक तुझी नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्यानंच डल्ला मारला, तर मेसेज मिळाल्यापासून कामाच्या 3 दिवसांत कळवायचं. मग तुझा भार शून्य. कामाचे 4 ते 7 दिवस लावलेस, तर साध्या बचत खात्यावर एका व्यवहारामागे जास्तीत जास्त 10,000 रुपयांची झळ. त्यापुढं बँकेचं धोरण म्हणेल ते. एका फोननं वाचली असती ती रक्कम तू आळसापायी टांगणीला लावलीस. नशिबाला बोल लावू नकोस.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘पिन बरोबर पडलाय, म्हणजे तुम्हीच कुणाला तरी दिला असणार.’ आणि तू मान खाली घालून परतलास! पुरावा मागितलास? ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे, हे त्याच परिपत्रकात लिहिलंय. चोर एटीएममध्ये स्किमर बसवतात, कीपॅडवर कॅमेरा रोखतात. तुझ्या तोंडून अक्षर न निघता पिन त्यांच्या हाती पडतो. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे 94 कोटी गेले. त्यातली बहुतेक रक्कम बनावट कार्डांनी काढली; त्यांना मंजुरी देणारी यंत्रणाच चोरांनी उभी केली होती. तिथं खातेदारांनी कुणाला पिन वाटले होते?

आता खरं सांग. पिन कार्डाच्या पाकिटावर लिहिला होतास? फोनवर कुणाला सांगितलास? तसं असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुझं. कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक तुझी असती, तरी आधी धावायला तूच हवा होतास. लोक हसतील म्हणून तोंडात मिठाची गुळणी धरलीस ना? भीड भिकेची बहीण. एवढंही शिकला नाहीस?

ऊठ. कार्ड बंद कर. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदव. शाखेत लेखी अर्ज दे, एटीएमचं चित्रीकरण जपून ठेवायला सांग, धोरणाची प्रत माग. पोच हातात पडल्याशिवाय जागचा हलू नकोस. 30 दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथं फी लागत नाही. दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवणाऱ्याला हे जमत नाही, असं मला सांगू नकोस. अर्ज आज द्यायचा, आणि पोच मला दाखवायची.