एकतिसावा वडापाव

सकाळी पॅरिसला न्याहारी, दुपारी ब्रसेल्स, रात्री ॲमस्टरडॅमला मुक्काम. छापील कार्यक्रमात हा दिवस दोन ओळींत मावतो. प्रत्यक्षात तो पाचशे किलोमीटरचा असतो. युरोपात ड्रायव्हरचे तास कायद्यानं बांधलेले आहेत. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विसावा घ्यावाच लागतो. त्यामुळे ब्रसेल्सला दिलेला वेळ म्हणजे वेळ. दोन फुटांच्या त्या मुतऱ्या पोराच्या पुतळ्यासमोर फोटो, थोडी चॉकलेटं, की परत बसमध्ये.

मी टूर मॅनेजर आहे, मूळची बदलापूरची. गेल्या खेपेला माझ्याबरोबर कॉलेजची अडतीस मुलं होती. बसच्या दारात उभी राहून मी नावं घ्यायला लागले, तसा मागून आवाज आला, ‘‘मॅडम, बालवाडी आहे का ही? डोकी मोजा ना, पटकन होईल.’’ मुलगा अंबरनाथचा निघाला. म्हटलं, बस सुटू दे, तुझ्याच गावची गोष्ट सांगते.

जानेवारी 2020. मी एस.वाय.ला होते. इतिहासाच्या सरांनी बसनं एक दिवसाची सहल काढली: उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. लोकलनं पाव तासात संपणारी ही तीन गावं, म्हणून मुलं तिला चेष्टेनं ‘युरोप टूर’ म्हणायची. तीस विद्यार्थी आणि सर, एकूण एकतीस. मोजायचं काम माझ्याकडे. मला त्याचा केवढा अभिमान! हातात पॅड, गळ्यात शिट्टी.

पहिला थांबा उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात इथं लष्कराची छावणी होती, दोन हजारांवर बराकी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्यात उतरवलं. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी नव्या नगराची पायाभरणी केली आणि नदीवरून उल्हासनगर हे नाव पडलं. पण पत्ता सांगताना लोक अजून ‘कॅम्प नंबर चार’ असंच सांगतात.

सरांच्या ओळखीच्या एका सिंधी आजींकडे आम्ही गेलो. तीस पोरं ओट्यावर दाटीवाटीनं बसली. आजींनी रिवाजाप्रमाणे आधी पापड आणि पाणी दिलं. कराचीहून बोटीनं आल्या तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. म्हणाल्या, ‘‘कॅम्पात रेशनसाठी रोज साहेब यायचा, डोकी मोजायचा. त्याचा आकडा बरोबर यायचा. आई मात्र रात्री एकेकाचं नाव घ्यायची. ओ दिली की मगच पुढचं नाव.’’ सगळे वहीत लिहून घेत होते. मी घड्याळ बघत होते. आम्हाला वीस मिनिटं उशीर झाला होता.

अंबरनाथचं शिवमंदिर मला वाटायचं पाठ आहे. महाशिवरात्रीची जत्रा, वालधुनीचा काठ, झालं! त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. उत्तरेच्या दारावर आतल्या बाजूला लेख आहे, शके 982, म्हणजे इसवी सन 1060, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. बाहेरच्या भिंतीवर मूर्तींना जागा पुरत नाही, आणि गाभारा मात्र वीसेक पायऱ्या खाली. उतरताना अंगाला गारवा लागतो, आणि खाली पोचून वर पाहिलं की आभाळ दिसतं.

मी शिट्टी वाजवली. मुलं बसमध्ये चढली. मी मधल्या वाटेनं बोट नाचवत गेले: अठ्ठावीस, एकोणतीस, शेवटच्या बाकावर टोपी तोंडावर ओढून झोपलेला तीस, आणि मी एकतीस. ‘‘सर, फुल!’’ बस निघाली.

बदलापूरला उल्हास नदीच्या काठी सर सांगत होते. जुलै 2019 मध्ये, म्हणजे सहा महिन्यांमागेच, महालक्ष्मी एक्स्प्रेस इथून पुढं वांगणीच्या वाटेवर पुरात अडकली होती. सकाळी बातम्यांत सातशे प्रवासी म्हणत होते. दुपारी सगळे सुखरूप बाहेर आले तेव्हा आकडा हजाराच्या पुढं गेला होता, त्यात नऊ गरोदर बायका. ‘‘वरून मोजलेला आकडा आणि दारातून बाहेर आलेलं माणूस,’’ सर म्हणाले, ‘‘यांत एवढा फरक पडतो बघा.’’

मग मी वडापाव वाटले. मोजून एकतीस घेतले होते. सगळ्यांचे खाऊन झाले आणि पुडक्यात एक उरला.

प्रत्येकाला विचारलं, ‘‘तुला मिळाला?’’ मिळाला होता. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा टोपीवाला डोळे चोळत खाली उतरला आणि माझ्या पोटात गोळा आला. तो बसचा क्लीनर होता. ‘‘मी तुमच्यात नाय ताई, माझा डबा हाय,’’ तो म्हणाला.

दहा जण नदी उतरतात आणि मोजताना प्रत्येक जण स्वतःला विसरतो, ती जुनी गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. मी त्याहून पुढं गेले होते. मी परका माणूस धरून बेरीज जुळवली होती.

कोण राहिलं, तेही पटकन सांगता येईना. ‘‘तो निळ्या शर्टवाला,’’ एक जण म्हणाला. ‘‘फर्स्ट इयरचा ना? बोलत नाही फारसा.’’ सकाळपासून त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाला त्याचं नाव माहीत नव्हतं. सरांनी यादीतून नंबर काढून फोन लावला. बसमध्ये तिसऱ्या बाकावरची बॅग वाजू लागली.

परत अंबरनाथला जायला रहदारीत पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात बसमध्ये कुणी गाणं म्हटलं नाही. तो देवळाबाहेर फुलवाल्या मावशींच्या फळीवर बसला होता. मावशींनी त्याला चहा पाजला होता. खिशात पैसे नव्हते, पाकीट बॅगेत. गाभाऱ्यात तो आभाळाचा तो तुकडा वहीत काढत बसला होता; शिट्टी खालपर्यंत पोचली नाही.

मी त्याला विचारलं, ‘‘अरे, रस्त्यावर येऊन कुणाच्या फोनवरून घरी तरी कळवायचं!’’

तो म्हणाला, ‘‘मला वाटलं, मोजताना कळेल.’’

मी त्याच्या हातात गार झालेला वडापाव ठेवला. त्यानं तो अर्धा मावशींना दिला.

हे सांगून संपलं तेव्हा बस हॉलंडात शिरली होती. अंबरनाथचा मुलगा काही बोलला नाही. ॲमस्टरडॅमला हॉटेलच्या दारात मी यादी काढली, तेव्हा पहिल्या नावाआधी तोच म्हणाला, ‘‘मॅडम, माझ्या शेजारचा बाथरूमला गेलाय. त्याचं नाव शेवटी घ्या.’’

घड्याळ लावून पाहिलंय मी. अडतीस नावांना दोन मिनिटं लागतात.