वाचणाऱ्याची बाजू

उमरीच्या स्टेशनाकडून बाजाराकडे येताना एक जुना छापखाना लागायचा. छापखाना आता नावालाच उरला होता. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन भंगारात गेलं होतं, शिशाचे खिळे किलोच्या भावाने विकले गेले होते आणि लग्नपत्रिका नांदेडहून छापून यायच्या. पुढच्या बाजूला झेरॉक्स आणि वह्या-पेनांचं दुकान मुलगा चालवायचा. मागच्या खोलीत आबा बसायचे. त्यांची सारी उमर खिळे जुळवण्यात गेली होती. गल्लीतली पोरं त्यांच्याकडे यायची ती कातरणासाठी. जुन्या पत्रिकांचे कापून उरलेले तुकडे, काही वेलबुट्टीचे, काही बांधणीच्या नक्षीचे, काही सोनेरी ठिपक्यांचे, आबा पोत्यात भरून ठेवत आणि मागेल त्याला मूठभर देत.

त्या पोत्यात सगळ्यात जास्त हात घालायची ती आठवीतली एक पोर. घरात तिला धाकटी म्हणत.

थोरली, म्हणजे तिची ताई, लातूरला होती. दहावीला चांगले गुण पडले की मराठवाड्यातली कितीतरी घरं पोटाला चिमटा घेऊन लेकराला लातूरला ठेवतात, तशी तिलाही ठेवली होती. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा, मेमध्ये वैद्यकीय प्रवेशाची नीट. बाबा आडतीवर मुनीम. कापसाच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत हिशेब चालायचे, आणि ताईच्या शिकवणीचा, खोलीचा, डब्याचा खर्च त्यातूनच निघायचा. दिवाळीला ताई आली ती पुस्तकात डोकं घालून बसली आणि तशीच परत गेली. संक्रांतीला तर ती येणारच नव्हती.

म्हणून धाकटीने ठरवलं, ताईला संक्रांतीचं कार्ड करून पाठवायचं. विकतचं नाही, हाताने केलेलं. चित्रकलेच्या बाईंनी वर्गात सांगितलेलं तिच्या डोक्यात बसलं होतं. लंडनमधल्या हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना नाताळात आलेल्या पत्रांना उत्तरं लिहायला सवड मिळेना. मग त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि १८४३ साली हजारभर कार्डं छापून घेतली. मजकूर सगळ्यांना एकच, नाव तेवढं हाताने लिहायचं. "छापील कार्ड सगळ्यांसाठी असतं," बाई म्हणाल्या होत्या, "हाताने केलेलं एकाच माणसासाठी."

धाकटी कामाला लागली. कार्डशीट मधोमध दुमडलं. कडेला बांधणीच्या नक्षीची पट्टी चिकटवली, पण मैद्याची खळ पातळ झालेली, पट्टीला सुरकुत्या पडल्या. ती काढून टाकली. दुसऱ्या खेपेला घट्ट खळ बोटाने ओढून अगदी पातळ थर दिला, पट्टी बसवली आणि वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवला. सकाळी पट्टी इस्त्री केल्यासारखी बसलेली. मग भेंडी आडवी कापली. भेंडीच्या कापात देवानेच पाच पाकळ्यांचं फूल कोरून ठेवलेलं असतं. स्पंजवर पोस्टर कलर घेऊन त्यावर भेंडी हलकेच थोपटायची आणि कागदावर सरळ टेकवून सरळ उचलायची. जरा घसरली की फूल फरफटतं. फुलांच्या मधल्या जागेत तिने पेन्सिलीच्या टोकाच्या खोडरबराने पांढरे बारीक ठिपके दिले, ते तीळ.

कार्ड दिसायला देखणं झालं. मग ते घरात फिरलं.

बाबांनी आत लिहिलं, "घराण्याचं नाव काढ." आईने लिहिलं, "वेळ वाया घालवू नको, खूप अभ्यास कर." आजीला लिहिता येत नव्हतं, तिने सांगितलं, "लवकर डॉक्टरीण हो अन् माझे गुडघे बघ म्हणावं." काका संध्याकाळी आले होते, त्यांनी लाल पेनाने आकडाच टाकला, "७२० पैकी ६५० पाहिजेत!" सगळे प्रेमानेच लिहीत होते. कुणाच्या मनात दुसरं काही नव्हतं. आतली दोन्ही पानं भरून गेली.

धाकटीला वाटलं, आता पुढच्या पानावर या सगळ्याला शोभेल असा एक मोठा ठसा हवा. "डॉक्टर ताई". बाबांच्या जुन्या हवाई चपलेची टाच तिने कापून घेतली. आईला शेजारी बसवून ब्लेडने अक्षरं कोरली. जोडाक्षराने तिचा जीव काढला. क आणि ट यांच्या मधला चिंचोळा भाग दोनदा तुटला, दोनदा नवा तुकडा घ्यावा लागला. शेवटी ठसा झाला. तिने निळा रंग थोपटला, श्वास धरून कार्डावर दाबला आणि उचलला.

अक्षरं उलटी उमटली होती. काना भलत्या बाजूला, अर्धचंद्र भलतीकडे. आरशात बघितल्यासारखं सगळं.

धाकटी कार्ड आणि ठसा घेऊन आबांकडे गेली. डोळे भरलेले.

"काय गं माय, कशाला रडायलीस?"

तिने ठसा पुढे केला. आबांनी तो हातात घेऊन उजेडाकडे धरला. चपलेच्या रबरावर अक्षरं अगदी सरळ, सुबक होती.

"कोरलंयस तर झ्याक," आबा म्हणाले. "पण तू हे तुला वाचता यावं असं कोरलंस. ठसा कोरणाऱ्यानं वाचायचा नसतो. ज्याच्या कागदावर उमटणार, त्यानं वाचायचा असतो. म्हणून कोरताना आपल्याला उलटं दिसलं पाहिजे, तेव्हा कुठं त्याला सुलटं दिसतं."

त्यांनी फळीवरच्या डब्यातून शिशाचा एक खिळा काढला. सगळं विकलं तेव्हा मूठभर खिळे त्यांनी मागे ठेवले होते. खिळ्याच्या टोकावर उलटा 'ग'. "आम्ही उभा जन्म उलटी अक्षरं वाचली. आमच्या आधीच्यांनी तर याहून अवघड केलंय. १८०५ साली मिरजेत पटवर्धनांच्या पदरी तांब्याच्या पत्र्यावर कोरून अख्खी गीता छापली. सातशे श्लोक पोरी, अन् प्रत्येक अक्षर उलटं. कोरणाऱ्याला एक ओळ सरळ दिसली नसंल."

मग त्यांनी युक्ती दाखवली. बटर पेपरच्या तुकड्यावर मऊ पेन्सिलीने अक्षर नेहमीसारखं सरळ लिहायचं. कागद पालथा करून रबरावर ठेवायचा आणि मागून चमच्याने घासायचा. पेन्सिलीची काजळी रबरावर उतरते, आपोआप उलटी. मग ती रेघ सोडून बाकीचं कोरून काढायचं. ब्लेड जरा तिरकं धरायचं, म्हणजे अक्षराचा पायथा रुंद राहतो आणि दाबताना अक्षर वाकत नाही. छापताना कार्डाखाली चार पदरी वर्तमानपत्राची गादी घालायची, म्हणजे रंग सगळीकडे सारखा लागतो.

धाकटी डोळे पुसून बघत होती. तिने नवा तुकडा घेतला, बटर पेपरवर पुन्हा "डॉक्टर ताई" लिहायला पेन्सिल टेकवली.

"थांब जरा," आबा म्हणाले. "कोरण्याआधी प्रूफ वाचलं का?"

"प्रूफ?"

"पत्रिका छापायच्या आधी एक कच्ची प्रत काढायचो. ज्यानं खिळे जुळवले त्याला ती वाचू देत नसायचे. त्याला आपल्या मनात काय आहे तेच दिसतं, कागदावर काय आहे ते दिसत नाही. दुसऱ्यानं वाचायची. तुझ्या कार्डाचं प्रूफ तू वाचायचं नाही. तुझ्या ताईनं वाचायचं."

"ताई तर लातूरला आहे, आबा."

"मग ताई होऊन वाच."

धाकटीने कार्ड उघडलं. तिने मनातल्या मनात ताईची खोली आणली. दिवाळीनंतर बाबांबरोबर ती सोडायला गेली होती तेव्हा बघितलेली. एक खाट, एक टेबल, भिंतीवर सूत्रांचे कागद, खिडकीतून दिसणारी दुसऱ्या इमारतीची भिंत. दिवसभर वर्ग, परीक्षा, मग रात्री उशिरा टेबलावर पडलेलं एक पाकीट. घरून आलेलं. ताई ते घाईने फोडते. आणि वाचते.

नाव काढ. वेळ वाया घालवू नको. माझे गुडघे बघ. ७२० पैकी ६५०. डॉक्टर.

धाकटीचा आवाज मध्येच बंद झाला. पाकिटातून घर निघायला हवं होतं आणि निघाली होती आणखी एक परीक्षा. कार्डावर ताईकडून काय काय हवंय ते सगळं होतं. ताईला काय हवंय, ते कुठेच नव्हतं.

तिला रविवारचे फोन आठवले. इकडून प्रत्येकजण पहिला प्रश्न तोच विचारायचा, "टेस्टमध्ये किती आले?" ताई आकडा सांगायची. आणि मग ताई काय विचारायची? मनी मांजरीला पिल्लं झाली का. बाबांचा खोकला थांबला का. गच्चीवर अजून ऊन येतं का. आणि या प्रश्नांना कुणी धड उत्तर देत नसे. "ते राहू दे, तू अभ्यासाकडे लक्ष दे," असं म्हणून फोन पुढच्याच्या हातात जायचा. ताई इतक्या महिन्यांपासून मागत होती ते अगदी लहान होतं, आणि ते द्यायचंच राहून गेलं होतं.

"आबा," धाकटी म्हणाली, "मी आतलंही माझ्याच बाजूनं कोरलंय."

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी पोतं पुढे सरकवलं.

दुसरं कार्ड साधं झालं. वेलबुट्टीची एकच पट्टी, भेंडीची तीनच फुलं. पुढच्या पानावर चपलेच्या रबराचा नवा ठसा, त्यात दोनच अक्षरं, "ताई". तिला रोज जी हाक मारायची तीच. ठसा सुलट उमटला. आतल्या एका पानावर बोटांचे तीन ठसे घेऊन त्यांना कान, मिशा आणि शेपट्या काढल्या. खाली लिहिलं, "मनीला तीन पिल्लं झाली. एक पांढरं आहे, त्याचं नाव तू ठेव. बाबांचा खोकला गेला. गच्चीवर दुपारी चारपर्यंत ऊन असतं, आई तिथेच वाती वळते. तुझी गोधडी मी धुऊन ठेवली आहे. परीक्षा झाली की ये. मार्कांचं मी विचारणार नाही." दुसरं पान तिने कोरं ठेवलं, आणि कडेला बारीक अक्षरात लिहिलं, "इथे तुला वाटेल ते लिही आणि घेऊन ये."

बाबांनी ते कार्ड हातात घेतलं. त्यांनी खिशातला पेन काढला होता, एखादी ओळ लिहावी म्हणून. वाचून झाल्यावर पेन खिशात गेला. आईने तिळगुळाचे दाणे आत घालावेत म्हटलं, पण टपालात ठसे मारताना ते चुरडतील, म्हणून थोडे तीळच डिंकाने चिकटवले. आबांच्या मुलाने काट्यावर वजन केलं. वीस ग्रॅमच्या आत भरलं, म्हणजे पाच रुपयांचं तिकीट पुरे. संक्रांतीच्या आठवडाभर आधी पाकीट पोस्टाच्या पेटीत पडलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी फोन आला. ताई आधी धाकटीशी बोलायचं म्हणाली. तिने पांढऱ्या पिल्लाचं नाव सांगितलं. गच्चीवरच्या उन्हाबद्दल विचारलं, गोधडीबद्दल विचारलं. बोलता बोलता म्हणाली, "इथे सगळ्यांच्या भिंतीवर आकडे लावलेत गं. माझ्या भिंतीवर आता तीन मांजरं आहेत. शेजारच्या खोल्यांतल्या मैत्रिणी येऊन बघून जातात." मग फोन बाबांच्या हातात गेला. धाकटी कान देऊन उभी राहिली. बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "जेवलीस का बाळा?" पलीकडून ताई खूप वेळ बोलत राहिली. शिकवणीचं, मैत्रिणींचं, भौतिकशास्त्र अवघड जातं त्याचंही. गुणांचा आकडा तिने आपण होऊनच सांगितला, आणि पहिल्यांदाच तो सांगताना तिचा आवाज चाचरला नाही.

मेमध्ये ताईला किती गुण पडले, ते या गोष्टीत सांगायचं कारण नाही. कार्ड गुणांसाठी पाठवलं नव्हतं.

शुभेच्छा देताना आपण फार वेळा आपलीच इच्छा शुभ म्हणून दुसऱ्याच्या हाती ठेवतो. "मोठा हो, नाव काढ, पहिला ये" हे शब्द प्रेमातूनच येतात, पण ज्याच्या खांद्यावर आधीच ओझं आहे, त्याला त्यातलं प्रेम दिसण्याआधी वजन जाणवतं. लेकरू गावापासून लांब राहून झटतंय, तेव्हा त्याला काय व्हायचंय ते त्याला ठाऊक असतं. घरात आपली जागा अजून आहे की नाही, हे मात्र त्याला पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटतं, आणि ते घराखेरीज कुणी सांगू शकत नाही. छान कागद, सुबक ठसे, रंगीत पट्ट्या यांनी कार्ड सजतं. ते पोचतं मात्र पाठवण्याआधी आपण घेणाऱ्याच्या जागी बसून ते एकदा वाचलं तरच.

तात्पर्य: शब्द कोरायचा तर वाचणाऱ्याच्या बाजूने कोरावा. आपल्याला तो उलटा दिसला तरी चालेल, त्याला सुलटा दिसला पाहिजे.